भूत नसलेला भयपट

दुर्मीळ भयपट जमवणाऱ्यांच्या गप्पांत ‘साँग ॲट मिडनाइट’चं नाव कधी ना कधी निघतंच. माशू वेइबांग यांनी १९३७ साली शांघायमध्ये काढलेला हा बोलपट चीनचा पहिला भयपट मानला जातो. हाती लागते ती प्रत बहुधा ओरखड्यांनी भरलेली, खरखरत्या आवाजाची. तरी ती जिवापाड जपली जाते. दुर्मिळतेचं वेड म्हणून सोडून देता येईल, पण मला त्यात वेगळंच काही दिसतं.

गोष्ट सरळसरळ ‘फँटम ऑफ द ऑपेरा’वरून घेतलेली. एक नाटक मंडळी पडक्या थिएटरात उतरते. तालमीत अडलेल्या तरुण नटाला अंधारातून कुणीतरी गाऊन दाखवतं. हा सुंग दानपिंग. आधी क्रांतिकारक, मग नट. बड्या घरच्या मुलीवर त्याचा जीव जडला आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेल्याने त्याच्या तोंडावर ॲसिड टाकवलं. चेहऱ्यावरच्या पट्ट्यांचे वेढे सुटत जातात तो प्रसंग आजही अंगावर येतो. पट्टी संपते, चेहरा उघडा पडतो, आणि आपल्याआधी तो स्वतःच हादरतो.

त्या काळी चीनच्या राष्ट्रवादी सरकारने भुताखेतांच्या सिनेमांवर अंधश्रद्धा पसरवतात म्हणून बंदी घातली होती. पडद्यावर खरं भूत आणायची सोयच उरली नव्हती. मग इथे जिवंत माणूसच भूत झाला. त्याच्या तोंडी गाणी आली ती तियान हान यांची. चीनच्या आजच्या राष्ट्रगीताचे शब्दही त्यांचेच. संगीत श्यान शिंगहाय यांचं. प्रेमाच्या विरहगीताआड जुलमावरचा राग खदखदत राहतो. सिनेमा आला त्याच वर्षी जुलैत जपानशी युद्ध पेटलं.

आजही चीनमध्ये बनणाऱ्या भयपटांत भूत शेवटी भास नाहीतर कुणाचं तरी कारस्थान निघतं, आणि प्रेक्षक फसवणूक झाल्यासारखा चरफडत उठतो. बंधन जवळपास तेच. पण माशूंनी त्यालाच गोष्टीचा कणा केलं. इथे भूत नाही हे कळलं की भीती दुणावते, कारण मंत्रतंत्राने उतरवता येईल असं काही उरतच नाही. समोर असतो माणसाने माणसाचा केलेला चेहरा. खराब प्रतीसाठीही लोक धडपडतात ते यासाठी, असं मला वाटतं.