मंद हाताची भूल

भूलतज्ज्ञाचा हात चपळ असावा असा एक समज आहे, आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या धडधाकट गृहस्थापुरता तो खराही आहे. परंतु जीवाणूजन्य मस्तिष्कावरणदाहाने मान ताठरलेला, कालपर्यंत बोलता असून आज नुसता कण्हणारा रुग्ण श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्वाधीन केला जातो, तेव्हा त्या चपळाईला मी रजा देतो.

निरोगी मेंदू, रक्तदाब चढो वा उतरो, जाणत्या पाटकऱ्याने वाफ्यांना पाणी पुरवावे तसा आपला रक्तप्रवाह बहुतांशी कायम राखतो. दाहाने हा बंदोबस्त मोडतो, कवटीतील दाब वाढतो, आणि सरासरी रक्तदाबातून तो दाब वजा जाता जे उरेल तेवढ्यावरच मेंदूची गुजराण चालते. प्रोपोफोल मेंदूची प्राणवायूची मागणी घटवते, कवटीतील दाब उतरवते, झटकेही आवरते. मात्र रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब असा खाली आणते की ती सारी कमाई क्षणात खर्ची पडावी. १९३४ पासून आमच्या दप्तरी असलेल्या थायोपेंटोनची तऱ्हाही याहून फार निराळी नाही. केटामाइन कवटीतील दाब वाढवते म्हणून त्याला दीर्घकाळ मज्जाव होता. पुढे, कृत्रिम श्वासोच्छ्वास नीट चालू असलेल्या रुग्णांच्या पाहणीत ती भीती अवास्तव ठरत गेली, आणि रक्तदाब आधीच खचलेला असेल तर मी निःसंकोच त्याचीच तजवीज करतो.

भुलेपूर्वी बाहुल्यांचा आकार आणि हातापायांची हालचाल कागदावर उतरवून घ्यावी, कारण नंतर ती साक्ष मिळत नाही. प्रतिजैविक व डेक्सामेथासोन मात्र आमच्यासाठी थांबवू नये. नॉरअॅड्रेनलिन हाताशी लावून ठेवल्यावर मग मी प्रोपोफोलचे ते पांढरे पायस, एरवी किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास लागणारे, निम्म्याहून कमी मात्रेत आणि थांबत थांबत देतो. शिरेत ते जळजळते. निपचित वाटणारा रुग्ण हात आखडून घेतो, आणि शुद्धीचा इतका अंश शिल्लक आहे हे पाहून, खरे सांगायचे तर, बरेच वाटते. रक्ताभिसरण मंदावलेले असले की औषध मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. नवशिक्याचा अंगठा नेमका याच वेळी दट्ट्यावर दाब देऊ पाहतो, आणि त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला पापण्यांकडे पाहायला सांगणे, हेच माझे तिथले मुख्य काम.

पुढे पंपावर तासाला किलोमागे चार मिलिग्रॅमची मर्यादा सहसा ओलांडायची नाही, आणि बारा तासांनी औषधाची नळी बदलायचीच. सोयाबीन तेलाच्या त्या पायसात जंतू झपाट्याने वाढतात, आणि या रोग्याच्या रक्तात आणखी एका पाहुण्याची भर घालण्याचे काही कारण नाही.