देवळाच्या भिंतीतले कूळ

बेळगावकडच्या एका जुन्या देवळात रोज सकाळी प्रदक्षिणा घालण्याचा आमचा नेम आहे. त्यात भक्ती किती आणि वैद्याच्या आज्ञेचे पालन किती, याचा निवाडा आम्ही देवावरच सोपविला आहे. हुदहुदाशी आमचा परिचय झाला तो या प्रदक्षिणेतच.

प्रथमदर्शनी आम्ही त्याला सुतार पक्षी म्हटले. पुष्कळ लोक तसेच म्हणतात. परंतु सुतार झाडाचे खोड ठोकतो, आणि हा गृहस्थ आपली भाकरी भूमीत शोधतो. साळुंकीहून किंचित मोठा देह, फिकट बदामी वर्ण, पंखांवर व शेपटीवर काळे-पांढरे पट्टे, लांब, बारीक व वाकडी चोच आणि मस्तकावर काळ्या टोकांचा तुरा. तुरा मिटलेला असला की पुढे चोच व मागे तुरा मिळून मस्तकाची कुदळच दिसते. भूमीवर उतरताना किंवा दचकला असता तोच तुरा पंख्यासारखा उघडतो. मुकुट राजाचा, पण काम मजुराचे! पावलोपावली मातीत चोच खुपसावी, ती मातीतच उघडावी, अळी ओढून काढावी, हवेत झेलावी आणि गिळावी, असा त्याचा उद्योग चाले. त्याच्या 'हुप् हुप्' अशा सादेवरूनच अरबीत तो 'हुदहुद' झाला व लॅटिनमध्ये 'उपुपा'. लिनियसने १७५८ साली त्याला 'उपुपा एपॉप्स' हे शास्त्रीय नाव दिले, त्यातही हीच साद आहे.

एका फाल्गुनात या जोडप्याने दक्षिणेच्या भिंतीतील एका भोकात बिऱ्हाड थाटले. मादी अंड्यांवर बसून राही आणि नर तिला घास आणून देई. इतका सुखाचा संसार. पण त्याला दुर्गंध फार. या काळात मादीच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून उग्र वासाचा स्राव येतो; तो शत्रूंना दूर ठेवतो व अंड्यांचे रोगजंतूंपासून रक्षण करतो. परंतु सोवळ्यातील मंडळींना हे शास्त्र कोण सांगणार? विश्वस्तांकडे तक्रार गेली. भोक बुजवून भिंतीला गिलावा करावा आणि प्रांगणात फरशी घालावी, असे ठरले. ठराव लिहिण्याचे काम अर्थातच वकिलाकडे आले.

"कूळ नोटिशीवाचून निघत नाही," आम्ही सभेत म्हणालो. मंडळी हसली. अंडी उबण्यास सुमारे सतरा दिवस आणि पिले उडण्यास त्यानंतर जवळजवळ चार आठवडे लागतात, हे आम्ही समजावून दिले. गिलावा पुढे ढकलला गेला. इतकेच नव्हे, तर ते भोकही कायम राखावे, अशी दुरुस्ती आम्ही मंजूर करून घेतली. एवढा निर्भेळ विजय आम्हांस कोर्टातही क्वचित लाभला असेल.

त्याच ठरावाचे दुसरे कलम फरशीचे होते. पावसाळ्यात एक वृद्ध बाई चिखलात घसरून पडल्या होत्या; तेव्हा त्या कलमाला विरोध करण्याचे आमच्या मनातही आले नाही. तेही आम्हीच स्वहस्ते लिहिले.

पिले उडून गेली. वैशाखात फरशी बसली, स्वच्छ आणि गुळगुळीत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पुढच्या फाल्गुनात जोडपे आले. नर प्रांगणात उतरला, त्याचा तुरा उघडला व मिटला. चार पावले चालून त्याने चोच टेकविली. खट्! पुन्हा दोन पावले, पुन्हा खट्! मग फुलपाखरासारखे हेलकावे घेत तो भिंतीपलीकडे गेला. भोक रिकामेच राहिले.

वीस वर्षे आम्ही लोकांच्या घरांचे दावे चालवीत आहो. घर म्हणजे भिंत व छप्पर एवढेच नव्हे, तेथे राहणाऱ्याच्या पोटाची वाटही त्यातच येते, हे अशिलांना सांगून आमचा घसा कोरडा झाला. आणि स्वतः लिहावयास बसलो तेव्हा एका कलमाने बिऱ्हाड राखून दुसऱ्याने त्याचे शेत बुडविले.

आता आम्ही नवा अर्ज केला आहे. भिंतीलगतची दोन हात फरशी उचलावी. तेथून भाविकांची वाट नाही, तेव्हा कोणी घसरावयाचे भय नाही. सभा पुढच्या महिन्यात आहे. अर्जदार म्हणून सही आमची आहे. ज्याचे हित त्यात गुंतले आहे, तो मात्र हजर राहीलच असे नाही.