एकच रेघ, तरीही जीव टांगणीला

कालनिर्णयवर एखाद्या तारखेपाशी पेनने मारलेली बारीकशी फुली कशाची, हे घरातल्या पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. बायकांना मात्र विचारावं लागत नाही. त्या फुलीपासून मोजत मोजत अठ्ठाविसावा, तिसावा, बत्तिसावा दिवसही उलटला की मनात पाल चुकचुकते. मग कोपऱ्यावरचं नव्हे, दोन गल्ल्या पलीकडचं औषधांचं दुकान गाठलं जातं. गिऱ्हाइकं कमी होईपर्यंत बाहेर घुटमळून चाचणीची पट्टी मागितली जाते आणि ती पर्सच्या तळाशी जाते.

पट्टीवर एकच रेघ उमटते, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. पण सुटकेचा निःश्वास तासभरही टिकत नाही. पट्टी जुनी असेल तर? थेंब कमी पडले असतील तर? टाकून दिलेली पट्टी पुन्हा काढून उजेडात धरली जाते आणि आता तिथे दुसरी, अगदी फिकट रेघ असल्याचा भास होतो. (पाकिटावर दिलेली वेळ टळून गेल्यावर वाळलेल्या लघवीचा असा डाग दिसू शकतो, त्याला काही अर्थ नसतो. पण हे त्या घडीला कोण सांगणार?)

पुण्यात राहून बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी बावीस वर्षांची एक मुलगी गौरी-गणपतीला साताऱ्याला घरी आली, तेव्हा तिच्या तीन पट्ट्या करून झाल्या होत्या. तिन्हींवर एकच रेघ. त्या घरात पाळी आलेल्या बाईने देवघरात जायचं नाही, अशी रीत. आईला लेकीच्या तारखा पाठ. ‘‘तुझी तारीख नेमकी सणात येतेय, पुढे ढकलायच्या गोळ्या घे हं,’’ असं आईने फोनवरच बजावलं होतं. मुलीने त्या घेतल्याच नव्हत्या. ज्या दिवसांत पाळी नको म्हणून घरोघरी गोळ्या खाल्ल्या जातात, त्याच दिवसांत ही मुलगी गौरीपुढे हात जोडून ‘पाळी येऊ दे’ म्हणत होती.

विसर्जन झालं. त्या गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, हे आईला ठाऊक होतं. ‘‘अजून नाही आली?’’ तिने दोनदा विचारलं. पाचव्या दिवशी मुलीने ‘आली’ म्हणून सांगितलं आणि पुढचे चार दिवस ती कोरे पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकत राहिली.

तिच्या त्या तीन पट्ट्या खोट्या नव्हत्या, पण घाईच्या होत्या. तारीख यायच्या आधीच केलेल्या. पट्टी शोधते ते एचसीजी हे संप्रेरक. फलित बीज गर्भाशयात रुजलं की ते तयार होऊ लागतं आणि हे रुजणं बीज सुटल्यानंतर साधारण 6 ते 12 दिवसांनी होतं. त्याआधी तीन काय, तेरा पट्ट्या केल्या तरी त्या काहीच सिद्ध करत नाहीत. संबंधानंतर 21 दिवस उलटल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर केलेली चाचणी नकारार्थी आली, तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी पहिली भरवशाची चाचणी काढली, तेव्हा बाईची लघवी उंदरांच्या पिल्लांना टोचून काही दिवसांनी त्यांची बीजकोशं तपासावी लागत. आज पाच मिनिटांत उत्तर मिळतं. पण योग्य दिवसापर्यंत थांबणं काही सोपं झालेलं नाही!

मग पाळी का येत नाही? पाळी येते ती बीज सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. रात्र-रात्र जागरण, परीक्षेची धास्ती, अर्धपोटी राहणं यांनी मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोपच लांबतो. बीज दहा दिवस उशिरा सुटलं, तर पाळीही दहा दिवस पुढे जाते. थायरॉइड असतं, पीसीओएस असतं, चाळिशीनंतर पाळी जायची वेळ आलेली असते. शिवाय या मुलीने 72 तासांच्या आत घ्यायची ती गोळीही घेतली होती. त्या गोळीनेसुद्धा तारीख आठवडाभर मागे-पुढे होऊ शकते. पाकिटातल्या कागदावर हे लिहिलेलं असतं, पण तो कागद दुकानाबाहेरच फेकला जातो.

खरं तर शरीराचा प्रश्न पट्टी सोडवते. घराचा प्रश्न ती कशी सोडवणार? मूल हवं असलेल्या एखाद्या सुनेला हीच एक रेघ रडवते, कारण दाराबाहेर सासू वाट पाहत असते. दोघींचेही दिवस दुसरंच कुणीतरी मोजत असतं.

या धास्तीतच धोक्याचे उद्योग होतात. कुणी कच्ची पपई खातं, कुणी ‘पाळी आणायच्या’ गोळ्या दुकानदाराला विचारून घेतं, कुणी तर तपासणी न करताच गर्भपाताच्या. पोटात एका बाजूला तीव्र कळा येत असतील, चक्कर किंवा रक्तस्राव होत असेल, तर पट्टी काहीही म्हणो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. आणि दिवस गेलेच असतील, तर 1971 च्या कायद्यानुसार 18 वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीने त्यात ‘नवरा’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आला. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच हक्क असल्याचं स्पष्ट केलं.

पुण्याला परतल्यावर ती मुलगी एका लेडी डॉक्टरकडे गेली. ‘‘लग्न झालंय?’’ या पहिल्याच प्रश्नाला उठून पळावंसं वाटलं, पण ती बसून राहिली. डॉक्टरांनी तारखा लिहून घेतल्या, रक्ताची तपासणी केली. दिवस गेलेले नव्हते. मग पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या.

पितृपक्षात आजोबांच्या श्राद्धाला ती घरी आली आणि पानं मांडत असतानाच तिला पाळी आली. आईच्या हिशेबाने तारखेला अजून दोन आठवडे होते. आतून हाक आली, ‘‘अगं, खिरीचं पातेलं आण बघू.’’ ती पातेलं घेऊन गेली.