निवडणुकीपूर्वींची निवड

‘निवडणूक’ या शब्दाचें माहेर आपल्या स्वयंपाकघरांत आहे. सुपांत धान्य घ्यावें, खडा, कोंडा, किडका दाणा बाजूस सारावा आणि उरेल तेवढेंच आधणांत टाकावें, यालाच आपल्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या निवडणें म्हणत आल्या आहेत. आमचें दुधनी हें अक्कलकोट तालुक्यांतील, महाराष्ट्राच्या अगदीं कडेचें, तुरीच्या पेठेसाठीं ओळखलें जाणारें गांव. आगगाडीनें सोलापुराहून वाडीकडे निघालें म्हणजे आमचें स्टेशन लागतें आणि पुढें थोड्याच वेळानें कर्नाटकांतील गाणगापूर रोड येतें. येथल्या पेठेंत मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत सौदा चालतो. परंतु भाषा कोणतीहि असो, मूठभर तूर तळहातावर घेऊन दाणा पाहिल्यावांचून कोणी भाव बोलत नाहीं. पांच वर्षें आपल्या वतीनें विधानसभेंत बसणाऱ्या मनुष्याची पारख मात्र कोण करितो, कोठें करितो आणि केव्हां करितो, हा प्रश्न आपल्यापैकीं फारच थोडे लोक विचारतात. मतदानाच्या दिवशीं ती आपण करितों, अशी आपली समजूत असते. वस्तुतः सूप आपल्या हातीं येतें तेव्हां पहिली निवड दुसऱ्या कोणीं उरकलेली असते.

सन २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचेंच उदाहरण घेऊं. तिची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. अर्ज भरण्याची मुदत २९ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन धनत्रयोदशीस, दुपारीं तीन वाजतां संपली. माघारीची मुदत ४ नोव्हेंबरची होती आणि मतदान २० नोव्हेंबरला झालें. घरोघर फराळाचें तळण चाललें होतें, आणि ओसरीवर वर्तमानपत्र उघडावें तों एकच विषय : कोणाचें नांव यादींत आलें, कोणाचें गळलें, कोण मुंबईस ठाण मांडून बसला, कोणीं रात्रींतून पक्ष बदलला. पेन्शनीचे दिवस असल्यामुळें वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची मला संवय आहे. त्या पंधरवड्यांत एक गोष्ट माझ्या मनास वारंवार टोंचत राहिली. या सर्व बातम्यांत पुढारी होते, निरीक्षक होते, नाराज मंडळी होती. मतदार मात्र कोठेंच नव्हता.

आमच्या अक्कलकोट मतदारसंघांत २०१९ व २०२४ या दोन्ही वेळां भारतीय जनता पक्षाचे सचिन कल्याणशेट्टी आणि काँग्रेसचे, आमच्या दुधनीचेच, सिद्धाराम म्हेत्रे यांच्यांत मुख्य लढत झाली व दोन्ही वेळां कल्याणशेट्टी निवडून आले. दोघेहि तालुक्यास परिचित असल्यामुळें येथें मतदारांची फारशी पंचाईत झाली नाहीं. परंतु लागूनच असलेल्या सोलापूर दक्षिण मतदारसंघांत काय घडलें, तें पाहण्यासारखें आहे. त्यासाठीं आधीं ‘एबी फॉर्म’ म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणें पक्षास दोन नमुने भरून द्यावे लागतात. आमच्या वतीनें उमेदवाराचें नांव कळविण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्यास आहे, असें पक्ष ‘ए’ नमुन्यांत लिहितो. आणि तो पदाधिकारी ‘बी’ नमुन्यांत उमेदवाराचें नांव घालतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशीं तीन वाजण्यापूर्वीं हे कागद अधिकाऱ्याकडे पोंचले तर मनुष्य पक्षाचा उमेदवार. न पोंचले तर पक्षाचें चिन्ह त्यास मिळत नाहीं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एकच सूचक पुरतो, अपक्षास मात्र त्याच मतदारसंघांतील दहा मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. म्हणजे पक्षाचा कागद नऊ मतदारांच्या तोडीचा आहे, असें कायद्यानेंच ठरविलें आहे!

सोलापूर दक्षिणची जागा महाविकास आघाडींत उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली आणि अमर पाटील यांस उमेदवारी मिळाली. इकडे काँग्रेसच्या यादींत दिलीप माने यांचें नांव प्रसिद्ध झालें. परंतु एबी फॉर्म त्यांच्या हातीं पडला नाहीं. पुढें मतदानाच्या दिवशींच काँग्रेसचे ज्येष्ठ पुढारी सुशीलकुमार शिंदे यांनीं अपक्ष उमेदवार धर्मराज काडादी यांस पाठिंबा जाहीर केला. निवडून आले भारतीय जनता पक्षाचे सुभाष देशमुख. यांत कोणाचें बरोबर व कोणाचें चूक, हा माझा विषय नाहीं. पण यादी एक सांगते, कागद दुसरें सांगतो आणि पुढारी ऐन मतदानाच्या दिवशीं तिसरेंच सांगतात, अशा वेळीं साध्या मतदारानें कोणाकडे पाहावें?

या गोष्टीची झळ मीं जवळून पाहिली आहे. माझा एक जुना विद्यार्थी पंधरा-सोळा वर्षें एका पक्षाचें काम करीत होता. कोणाचें रेशनकार्ड अडलें, कोणास रात्रीं सोलापूरच्या दवाखान्यांत न्यावयाचें झालें, कोणाच्या वस्तीवर टँकर पोंचला नाहीं, कीं लोक याच्या दारीं. एका स्थानिक निवडणुकींत आपलें नांव येईल, अशी त्याची खात्री होती. अर्जाच्या आदल्या रात्रीं दुसऱ्या पक्षांतून एक गृहस्थ आले आणि उमेदवारी त्यांस मिळाली. चार दिवसांनीं तो माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, परीक्षेला बसून नापास झालों असतों तर वाईट वाटलें नसतें, पेपरच हातांत दिला नाहीं.” थोडा वेळ गप्प बसून तो पुन्हां म्हणाला, “आई विचारते, आतां आपल्या घरचीं मतें कोणाला? तिला काय सांगूं?” त्याच्या पहिल्या वाक्यावर मी कांहीं तरी समजुतीचें बोललों असतों, दुसऱ्यावर मला बोलतां आलें नाहीं. पराभव हा उमेदवाराचा असतो, परंतु त्या आईच्या मताची जी वाट खुंटली, ती तिनें कोणतीहि निवडणूक न हरतां खुंटली होती.

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. कचेरींत जागा मिळण्याच्या आशेनें पगारावांचून काम शिकत राहणाऱ्यास पूर्वीं उमेदवार म्हणत. आधीं काम, मग पद, असा तो क्रम होता. इंग्रजींतील ‘कँडिडेट’ हा शब्द शुभ्र वस्त्रावरून आला आहे, कारण प्राचीन रोमांत पद मागणारा गृहस्थ खडूनें पांढरा केलेला झगा घालून लोकांत हिंडे. आपल्याकडे रोमकरांचें पांढरें वस्त्र चांगलें रुजलें. कचेरींतली उमेदवारी मात्र मागें पडली, असें कधीं कधीं वाटतें.

आधीं पात्रता व मग निवड, हा विचार आपल्या देशास नवा नाहीं. तमिळनाडूंतील उत्तरमेरूर येथें चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, दहाव्या शतकांतील शिलालेख आहेत. गांवच्या समित्यांवर कोणास घ्यावें, याचे नियम त्यांत खोदलेले आहेत. वय पस्तीस ते सत्तर असावें, स्वतःची जमीन व तीवर घर असावें, विद्या असावी; आणि पूर्वीं समितीवर राहून ज्यानें हिशेब दिला नाहीं, त्यास व त्याच्या निकटच्या आप्तांस घेऊं नये. पात्र ठरलेल्यांचीं नांवें ताडपत्रांवर लिहून घटांत घालीत व एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवीत. ती सभा ब्राह्मणांची होती. स्त्रियांस व इतर जातींस तींत स्थान नव्हतें. म्हणून ती रीत जशीच्या तशी आज कोणी मागणार नाहीं व मागूंहि नये. परंतु नियम भर वस्तींत भिंतीवर कोरलेले होते आणि ते ज्यास वाचतां येत त्यास दिसत होते, एवढें तरी त्यांच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

अमेरिकेंत हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीं उभा राहिला. पक्षाचे म्होरके बंद खोलींत उमेदवार ठरवितात, या तक्रारीवरून विस्कॉन्सिन राज्यानें गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकारानें १९०३ सालीं कायदा केला व पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठीं मतदारांचेंच प्राथमिक मतदान ठेविलें. पुढें ही पद्धति त्या देशांत सर्वत्र पसरली. आपल्याकडेहि तिचा एक लहानसा प्रयोग झाला, आणि तो आमच्यापासून फार दूर नव्हे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीं काँग्रेसनें राहुल गांधी यांच्या कल्पनेप्रमाणें देशांतील कांहीं मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांचें मतदान घेऊन उमेदवार ठरविले. महाराष्ट्रांत लातूरला दत्तात्रय बनसोडे व वर्ध्याला सागर मेघे असे निवडले गेले. दोघेहि पुढें पराभूत झाले. पण त्या वर्षीं राज्यांतील अठ्ठेचाळीसपैकीं दोनच जागा त्या पक्षास मिळाल्या होत्या, तेव्हां तो पराभव प्रयोगाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. मात्र प्रयोग तेथेंच थांबल्यासारखा झाला. पुढें २०१९ सालीं लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघांत काँग्रेसचे धीरज देशमुख निवडून आले, आणि दुसऱ्या क्रमांकाचीं मतें कोणा उमेदवारास न पडतां ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ या बटणास पडलीं! युतीच्या वाटपांत ती जागा शिवसेनेकडे गेली होती व तिचा उमेदवार तिसरा आला. सत्तावीस हजारांहून अधिक लोक रांगेंत उभे राहून ‘कोणीहि नाहीं’ असें सांगून घरीं गेले. त्यांच्यापुढें ठेविलेल्या ताटाविषयीं याहून स्पष्ट बोलण्याची सोय कायद्यांत नाहीं.

पक्षाची बाजूहि ऐकली पाहिजे. पक्ष ही आपखुषीनें जमलेली संस्था आहे. आपल्या नांवानें कोणीं उभें राहावें, हें ठरविण्याचा तिला हक्क आहे. कार्यकर्त्यांचें मतदान घेतलें तर सभासदांच्या याद्या फुगविल्या जातील, पैसा दोनदां वाटला जाईल, तट पडतील, ही भीति खोटी नाहीं. पण १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानें निवडून आलेल्या मनुष्यास सभागृहांत पक्षाच्या आज्ञेनें मत द्यावें लागतें. उमेदवार पक्षानें ठरवावा आणि पुढें त्याचें मतहि पक्षानेंच ठरवावें, असें असल्यावर पक्षाच्या निवडीचा थोडासा हिशेब मतदारानें मागितला, तर त्यांत उद्धटपणा कसला?

असा हिशेब मागण्याची एक वाट मोकळी झालेली आहे. उमेदवारावरील खटले, त्याची मालमत्ता व शिक्षण हीं शपथपत्रांत सर्वांस पाहतां येतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयानें १३ फेब्रुवारी २०२० रोजीं असा आदेश दिला कीं, फौजदारी खटला चालू असलेल्या मनुष्यास पक्षानें उमेदवारी दिली तर त्याचीं कारणें, आणि तसा खटला नसलेला दुसरा कोणी कां मिळाला नाहीं हेंहि, पक्षानें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केलें पाहिजे. ‘तो निवडून येईल’ एवढेंच कारण चालणार नाहीं, असेंहि न्यायालयानें बजाविलें. या जाहिराती बारीक टाइपांत छापलेल्या असतात व आपण त्यांवरून पान उलटतों.

‘मतदान’ या शब्दांत दान आहे, आणि गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाविषयीं देश, काल व पात्र हीं तिन्ही पाहावयास सांगितलीं आहेत. केंद्र कोठें व दिवस कोणता, हें निवडणूक आयोग ठरवितो. पात्राचा विवेक तेवढा आपल्याकडे राहतो. सुशिक्षित घरांतून मत टाकून आल्यावर बोटावरची शाई दाखविण्याचा उत्साह पुष्कळ दिसतो. तोच उत्साह तीन आठवडे आधीं दाखविला तर? यादी निघण्यापूर्वीं आपल्या गांवांतील प्रत्येक पक्षाच्या पदाधिकाऱ्यास, घरांतील स्त्रीपुरुषांनीं मिळून, दोनच प्रश्न विचारावे : आपल्याकडे कोणाकोणाचीं नांवें विचारांत आहेत, आणि त्यांतील एक कोणत्या कारणानें निवडणार? उत्तर मिळेलच असें नाहीं. पण एका पेठेंत पन्नास घरांनीं हे प्रश्न विचारले, तर यादी करणाऱ्यास लिहितांना क्षणभर थांबावें लागेल. आणि सोळा वर्षें काम केलेल्या एखाद्याचें नांव त्या क्षणांत त्याला आठवण्याचा संभव आहे.