घास अडकण्याआधी

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती सहज ताणली जाते, आणि कर्करोगात तिचा हाच गुण माणसाच्या मुळावर येतो. आत गाठ धरली तरी उरलेली भिंत ताणून घास पुढे सरकत राहतो. आधी भाकरीचा कोरडा तुकडा अडतो, मग भात, मग पेजही. पाण्याच्या घोटाबरोबर घास उतरवत माणूस काही महिने काढतो. तो तपासणीला येतो तेव्हा रोग अनेकदा नळीच्या भिंतीत खोलवर गेलेला असतो. या रोगावरचे खरे काम त्याआधी कित्येक वर्षे, काहीच अडत नसताना करायचे असते.

त्या काळात बदल फक्त आतल्या अस्तरात असतो. हे अस्तर चपट्या पेशींच्या थरांचे. पेशींची मांडणी बिघडते, त्यांची केंद्रके मोठी आणि गडद होतात आणि हा बिघाड तळाच्या थरातून वर चढत जातो. याला डिस्प्लेझिया म्हणतात. तळाच्या एक तृतीयांशापर्यंत असेल तर तो सौम्य, दोन तृतीयांशापर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. दुसरी वाट आम्लाची. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की काहींच्या नळीच्या खालच्या टोकाचे चपटे अस्तर जाऊन तिथे आतड्यासारखे अस्तर येते. ही बॅरेटची अन्ननलिका. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेत या दुसऱ्या वाटेने येणारा कर्करोग जास्त. भारत, चीन, इराण आणि पूर्व आफ्रिकेत पहिल्या वाटेचा जास्त, आणि जगातले बहुसंख्य रुग्णही त्याच वाटेचे.

पहिल्या वाटेचा सर्वांत खोल अभ्यास झाला तो चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियान भागात. ताइहांग डोंगररांगेच्या पायथ्याचा हा शेतकरी मुलूख. इथे अन्ननलिकेचा कर्करोग इतका होता की माणसांबरोबर घरच्या कोंबड्यांच्या गळ्यातही तो आढळल्याच्या नोंदी आहेत. शेन छ्योंग या डॉक्टरांनी इथे एक साधे साधन वापरात आणले: जाळी लावलेला छोटा फुगा. तो मिटलेला गिळायचा, जठरात गेल्यावर हवा भरायची आणि हळूहळू वर ओढून घ्यायचा. जाळीला चिकटलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. या फुग्याने कर्करोग लवकर सापडतो, हे गावोगाव दाखवून दिले. पुढे एंडोस्कोपी आणि बायोप्सीशी ताडून पाहिले तेव्हा फुग्यातून निम्म्याहून जास्त बिघाड निसटत असल्याचेही दिसले.

याच भागात १९८७ मध्ये एंडोस्कोपी आणि बायोप्सी झालेल्या ६८२ जणांचा साडेतेरा वर्षे पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही त्यांना तोड नाही. सौम्य डिस्प्लेझिया असलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के, मध्यम असलेल्यांपैकी ५० टक्के आणि तीव्र असलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना त्या काळात कर्करोग झाला. सुरुवातीला अस्तर निरोगी असलेल्यांतही हे प्रमाण ८ टक्के होते. रोग पायरीपायरीने येतो आणि मधल्या पायऱ्यांवर थांबवायला वेळ मिळतो, हे या आकड्यांनी ठामपणे सांगितले. तीव्र बिघाड काढून टाकायचा आणि सौम्य असेल तर लक्ष ठेवायचे, हा तिथला रिवाज या अभ्यासाशी सुसंगत आहे.

पण काढायचा तर आधी दिसायला हवा. नेहमीच्या पांढऱ्या उजेडात डिस्प्लेझियाचा चट्टा आजूबाजूच्या अस्तराइतकाच गुलाबी, सपाट आणि निरुपद्रवी दिसतो. इथे लुगोलचे द्रावण कामी येते. जाँ लुगोल या फ्रेंच वैद्याने १८२९ मध्ये तयार केलेले हे आयोडीनचे द्रावण गर्भाशयमुखाच्या तपासणीत आधीपासून वापरात होते. निरोगी चपट्या पेशींत ग्लायकोजेन असते आणि आयोडीन लागताच ते तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींत ग्लायकोजेन उरलेले नसते, म्हणून त्या रंग धरत नाहीत.

प्रत्यक्ष तपासणीत आधी अस्तरावरची लाळ आणि फेस पाण्याने धुऊन काढतात. मग स्कोपमधून घातलेल्या बारीक नळीने खालून वर येत आयोडीन फवारतात. काही क्षणांत सगळी नळी तपकिरी होते आणि त्यात तीक्ष्ण कडांचा फिकट चट्टा उघडा पडतो. रंग न धरणारा प्रत्येक ठिपका धोक्याचा नसतो. दाह झालेला भागही फिकटच राहतो. पण दोन-तीन मिनिटे थांबल्यावर चट्ट्याचा फिकटपणा जाऊन तिथे स्पष्ट गुलाबी झाक आली, तर तीव्र डिस्प्लेझियाची शंका बळावते. घाईने स्कोप बाहेर काढणाऱ्याला ही झाक कधीच दिसत नाही. लिनशियानमध्ये ताडून पाहिले तेव्हा तीव्र बिघाड ओळखण्याचे प्रमाण रंगाआधी ६२ टक्के होते, रंगानंतर ते ९६ टक्क्यांवर गेले. आयोडीनमुळे छातीत जळजळ होते, म्हणून शेवटी सोडियम थायोसल्फेट फवारून त्याचा जोर मोडतात. अरुंद पट्ट्याच्या निळ्या-हिरव्या प्रकाशातली तपासणी हा आता दुसरा पर्याय आहे. त्यात जळजळ नाही आणि अस्तरातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे बिघडलेले वळसे दिसतात. ते वाचायला मात्र सरावलेली नजर लागते.

एवढ्या खटाटोपाने जीव वाचतात का, याचे उत्तर शेजारच्या हेबेई प्रांतातल्या त्सिशियान भागाने दिले. ४० ते ६९ वयाच्या लोकांची आयोडीनसह एकदाच एंडोस्कोपी केली आणि सापडलेल्या बिघाडावर उपचार केले. दहा वर्षांत या गावांत अन्ननलिकेच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण ३.३५ टक्के राहिले, तर तपासणी न झालेल्या गावांत ५.०५ टक्के.

बॅरेटची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. लंडनचे शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये या अस्तराचे वर्णन केले, पण तो भाग छातीत ओढल्या गेलेल्या जठराचा आहे असे त्यांचे मत होते. १९५३ मध्ये अ‍ॅलिसन आणि जॉनस्टोन यांनी तो अन्ननलिकेचाच असल्याचे दाखवले आणि १९५७ मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केले. इथली अडचण लिनशियानच्या उलट आहे. डिस्प्लेझिया नसलेल्या बॅरेटमधून दर वर्षी हजारात जेमतेम एक ते तीन जणांना कर्करोग होतो. बाकीच्यांच्या वाट्याला वारंवार दुर्बीण आणि कायमची धास्ती येते. ब्रिटनमध्ये सुमारे ३,४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दर दोन वर्षांनी एंडोस्कोपी झालेले आणि गरजेपुरती झालेले, या दोन गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. डिस्प्लेझिया असेल तर मात्र गणित बदलते. रेडिओ लहरींच्या उष्णतेने हे अस्तर जाळण्याच्या २००९ सालच्या चाचणीत तीव्र डिस्प्लेझिया ८१ टक्के रुग्णांत पूर्ण नाहीसा झाला, लुटुपुटीच्या उपचारात १९ टक्क्यांत.

केंब्रिजच्या रेबेका फिट्झगेराल्ड यांनी फुग्याची जुनी कल्पना नव्या रूपात आणली. दोरा बांधलेली कॅप्सूल गिळली की ती जठरात विरघळते, आतला स्पंज फुलतो आणि वर ओढताना पेशी खरवडून आणतो. खरा फरक पुढे पडतो. टीएफएफ-३ हे प्रथिन आतड्यासारख्या पेशींत असते, अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरात नसते; त्याच्या रंगाने बॅरेटच्या पेशी वेगळ्या उठून दिसतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३,२२२ जणांच्या चाचणीत ज्यांना हा स्पंज देऊ केला त्या गटात बॅरेटचे १४० रुग्ण सापडले, नेहमीच्या पद्धतीत फक्त १३. फुग्याला जे जमले नाही ते स्पंजला जमले, कारण पेशींत नेमके काय शोधायचे हे आता ठाऊक झाले होते.

सापडलेला चट्टा काढण्याची रीत जपानी डॉक्टरांनी घडवली. अस्तराखाली द्रव टोचून ते स्नायूपासून उचलायचे आणि स्कोपमधल्या बारीक सुरीने कडेने कापून, खालून सोडवून चट्टा अखंड बाहेर काढायचा. मग तो पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवतात, वरची आणि खालची बाजू खूण करून ठेवतात, आणि पॅथॉलॉजिस्ट त्याचे सुमारे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून रोग किती खोल गेला ते मोजतो. सगळे या खोलीवर ठरते. रोग अस्तरातच असेल तर लसीका ग्रंथींत पसरण्याचा धोका अगदी कमी; अस्तराखाली उतरला असेल तर हा धोका झपाट्याने वाढतो, कारण अन्ननलिकेत लसीकावाहिन्या फार वर असतात. नळीच्या परिघाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढावा लागला तर जखम भरताना नळी आवळते, म्हणून स्टिरॉइड देतात.

भारतात सगळ्यांची दुर्बिणीने तपासणी करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पण तंबाखू, सुपारी आणि दारूचा मारा तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत सारख्याच अस्तरावर होतो. त्यामुळे तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेल्यांत अन्ननलिकेतही दुसरा चट्टा असण्याची शक्यता बरीच असते. अशा रुग्णांची अन्ननलिका आयोडीनने तपासणे हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही सुसज्ज रुग्णालयाला जमण्यासारखे आहे आणि ते नेमाने व्हायला हवे. ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये बहुधा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले. चहा थोडा निवू द्यावा, हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही.

चट्टा निघाला तरी उरलेले अस्तर तेच असते, म्हणून रंगासह एंडोस्कोपी ठरावीक काळाने पुन्हा करतात. रंग न धरणारे ठिपके ज्यांच्या नळीत अनेक असतात त्यांच्यात नवे कर्करोग जास्त उगवतात. जपानमध्ये अशा रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा उपचारानंतर दारू सोडलेल्यांत दुसरा कर्करोग कमी आढळला.