घराची भेग आणि रंगारी

मागच्या महिन्यात दोन आठवडे अकोल्यात होतो. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली, त्यामुळे जठारपेठेतलं घर विकायचं ठरलं. आधी कागदपत्रांची धावपळ. वारसनोंद, घरपट्टीच्या पावत्या, खरेदीखत... ते एकदाचं झालं आणि मग रंगारी आला.

आमच्या हॉलमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी एक तिरकी भेग आहे. रंगारी म्हणाला, "पुट्टी भरून देतो दादा, दोन हात मारले की दिसत बी नाही." मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? डोक्यात भाव होता.

आई भांडी बांधत होती. "काहून लपवतं बाप्पू? मे महिन्यात दिसनच ना थे."

तिचं बरोबर होतं. वऱ्हाडातली काळी माती कापसाला चांगली, घराला वाईट. पावसात पाणी पिऊन फुगते, पारा ४५ च्या वर गेला की आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर भिंतही तिच्यासोबत हलते. उन्हाळ्यात भेग उघडते, पावसाळ्यात मिटते. पुट्टी बिचारी किती टिकणार?

शिवाय कायदा आहेच. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५: साध्या पाहणीत कळणार नाही असा मोठा दोष आपल्याला माहीत असेल, तर घेणाऱ्याला सांगावा लागतो. आपण रिलीज नोट्समध्ये 'नोन इश्यूज' लिहितो ना, तसंच.

मग भेगेच्या टोकावरचं कॅलेंडर काढलं. मागे पेन्सिलीच्या बारीक रेघा, बाबांच्या अक्षरात तारखा. मे २००३, मे २००६... शेवटची मे २०२१. २००९ नंतरच्या सगळ्या रेघा एकाच जागी! म्हणजे भेग उघडते-मिटते, पण पुढे सरकत नाही. मी ऑफिसात दिवसभर लॉग वाचतो, आणि बाबांनी घराचा लॉग ठेवलाय हे मला माहीतच नव्हतं. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

रंगाऱ्याला म्हटलं, एवढी भिंत सोड.

पहिलं गिऱ्हाईक भेग बघून परत फिरलं. दुसरे एक शिक्षक होते. त्यांनी चष्मा लावून सगळ्या तारखा वाचल्या, भावात दीड लाख कमी केले आणि टोकन दिलं. दीड लाख! मला अजून लागतंय. आई म्हणते, "झोप तं येते ना?"

असो. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्री आहे. तुम्ही जुनं घर विकायला काढणार असाल, तर रंगाऱ्याला बोलवायच्या आधी कॅलेंडरं काढून बघा.