गाडीवरची काठी

पश्चिम ऑस्ट्रेलियातील विलूना या गावापासून हॉल्स क्रीकपर्यंत जाणारा सुमारे 1850 किलोमीटरचा कॅनिंग स्टॉक रूट मुळात गुरे हाकून नेण्यासाठी आखला गेला आणि 1908 ते 1910 या काळात त्यावर विहिरी खोदल्या गेल्या. आज त्या वाटेने गुरे जात नाहीत. पाणी, डिझेल आणि शिधा बरोबर बांधून घेतलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या वाळूची शेकडो टेकाडे चढत-उतरत जातात, आणि वाटेत मोबाईलचा पत्ता नसल्यामुळे गाडीत एचएफ रेडिओ बसवावा का आणि बसवायचा तर कोणता, हा विषय तयारीच्या काळात हटकून निघतो. मात्र या चर्चेत संचाची किंमत, बटणे आणि पडदा यांवरच बहुतेक वेळ खर्ची पडतो, आणि अँटेनाच्या ज्या काठीवाटे तो संच बोलणार व ऐकणार असतो तिच्याविषयी विचार होतो तो दुकानातून निघता निघता. हा क्रम नेमका उलटा असायला हवा.

एचएफ म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झ या वारंवारतांचा पट्टा, जुन्या पिढीच्या ओळखीचा शॉर्टवेव्ह. रात्री रेडिओ सिलोनसाठी काटा केसभर इकडे-तिकडे सरकवणाऱ्या ज्या घरांत रेडिओच्या तबकडीवर 25, 31, 41 मीटर असे आकडे छापलेले असत, त्या घरांना या लहरींचा लहरीपणा वेगळा सांगावा लागत नाही. जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेले हवेचे थर असतात. त्यांना आयनांबर म्हणतात. या थरांवरून वाकून लहरी पुन्हा जमिनीवर येतात आणि त्यामुळे मधले डोंगर, क्षितिज किंवा उपग्रह यांपैकी कशाचीही आडकाठी वा मदत न लागता हजार-दोन हजार किलोमीटरवर बोलता येते. दिवसा आयनांबराचा खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो, तर रात्री वरचा थर विरळ झाल्यामुळे जास्त वारंवारतेच्या लहरी न वाकता अवकाशात निघून जातात; म्हणून दिवस चढेल तशी वारंवारता चढवावी आणि दिवस उतरेल तशी उतरवावी, हा या व्यवहारातला पहिला धडा आहे. ऑस्ट्रेलियात दूरच्या प्रवाशांसाठी चालवले जाणारे व्हीकेएस-737 हे जाळे 5455, 8022, 11612 किलोहर्ट्झ अशा अनेक वारंवारता बाळगते ते याचसाठी.

आता काठीकडे वळावे. अँटेना नीट काम करण्यासाठी तिची लांबी तरंगलांबीच्या निदान चौथ्या हिश्श्याएवढी असावी, असा साधा हिशेब आहे. 5455 किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 55 मीटर, म्हणजे चौथा हिस्सा पावणेचौदा मीटर, आणि गाडीवर उभी राहू शकणारी काठी जेमतेम अडीच मीटरची. उरलेल्या लांबीची भरपाई तारेच्या वेटोळ्याने केली जाते, पण ही भरपाई विजेच्या दृष्टीने जमाखर्च जुळवण्यापुरतीच असते; आखूड काठीचा प्रारण-रोध, म्हणजे शक्तीचे लहरींत रूपांतर करण्याची तिची ताकद ज्या मापाने मोजतात ते माप, या वारंवारतेला एका ओहमच्याही खाली येते, तर वेटोळे आणि जमीन यांचा निव्वळ उष्णता निर्माण करणारा रोध सहज दहा-पंधरा ओहम भरतो. परिणामी 100 वॅटच्या संचातून निघालेल्या शक्तीपैकी पाच-सात वॅट आकाशात गेले तरी पुष्कळ झाले असे समजावे, बाकीचे वेटोळे आणि वाळू तापवण्यात खर्च होतात.

या हिशेबाच्या पार्श्वभूमीवर आल्फ्रेड ट्रेगर यांचे काम अधिक नीट कळते. 1928 साली क्लॉनकरी येथे जॉन फ्लिन यांच्या पुढाकाराने विमानातून वैद्यकीय सेवा सुरू झाली, पण डॉक्टरला बोलावण्याचे साधन नसेल तर विमान असून नसल्यासारखे होते; ॲडलेडच्या ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून चालणाऱ्या जनित्राचा संच तयार केला आणि 1929 पासून तो एकाकी पशुपालन केंद्रांवर बसू लागला. जनित्र पायाने चालवायचे कारण हात मोर्सच्या कळीसाठी मोकळे हवेत, इतका त्यामागचा विचार सरळ होता. पायाची ही वीज सुमारे 20 वॅट, म्हणजे आजच्या संचाच्या तुलनेत नगण्य; पण घराजवळ दोन खांबांमध्ये ताणलेली लांबलचक तार त्या संचाच्या वाट्याला आली होती, आणि तीच आजच्या गाडीला मिळत नाही.

गाडीच्या काठीचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात फायबरच्या दांड्यावर तार गुंडाळून ठरावीक ठिकाणी तिला टोके काढलेली असतात आणि प्रत्येक टोक एकेका वारंवारतेचे असते. चालकाने उतरायचे, लाल धुळीने माखलेल्या दांड्यावर बोट फिरवून बरोबर आकडा शोधायचा, लोंबणाऱ्या छोट्या तारेचे टोक एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसायचे आणि पुन्हा आत येऊन बसायचे. दुसऱ्या प्रकारात हे सारे काम काठीच्या बुडाशी असलेली विद्युतयंत्रणा करते, संचावर वाहिनी बदलली की ती काही क्षणांत स्वतःला जुळवून घेते, आणि पावसात किंवा माश्यांच्या घोंघावात खाली उतरावे लागत नाही. ही सोय महाग आहे आणि जडही. पन्हाळीच्या पत्र्यासारख्या खडबडीत रस्त्यावर आठवडाभर हादरे खाणाऱ्या बुलबारवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या धातूच्या कठड्यावर, अशी यंत्रणा ठेवणे म्हणजे घड्याळ उखळात ठेवण्यासारखे आहे, अशी काही जाणकारांची तक्रार असते. ती थोडी अतिशयोक्त आहे, कारण ॲडलेडच्या कोडान आणि पर्थच्या बॅरेट या कंपन्यांची अशी अँटेना याच रस्त्यांसाठी घडवलेली असते. तरीही जो वर्षातून एकदाच तीन आठवड्यांसाठी निघतो आणि दिवसातून दोनदा बोलतो, त्याने टोके बदलण्याचा कंटाळा करून दुप्पट-तिप्पट पैसे घालवू नयेत. बिघडण्यासारखे काही नसणे हा वाळवंटात मोठाच गुण आहे.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र सारखीच लागू पडते, ती म्हणजे काठी हा अँटेनाचा अर्धाच भाग असून उरलेला अर्धा गाडीचा पत्रा असतो. बोनेट, दरवाजे, मागची पेटी आणि सायलेन्सरची नळी हे भाग बिजागऱ्यांवर व रबरी बुशांवर टेकलेले असल्यामुळे विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तुटलेले असतात, म्हणून त्यांना तांब्याच्या विणलेल्या रुंद पट्ट्यांनी चेसीशी जोडावे लागते. या कामात पट्टीच्या किमतीपेक्षा रंग खरवडण्याची जिद्द मोलाची ठरते: रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला घट्ट पण विजेला परका राहतो, तर पांढराशुभ्र धातू दिसेपर्यंत घासून, बोल्ट आवळून, मग वरून ग्रीस लावलेला जोड वर्षानुवर्षे टिकतो. नव्या गाडीवर सँडपेपर चालवताना मालकाचा जीव कासावीस होतो खरा, आणि पुष्कळ काठ्या मुक्या राहतात त्या याच भिडेपोटी.

संचाविषयी फार लांबण लावण्याचे कारण नाही. सिंगल साइडबँड या पद्धतीचा, म्हणजे वाहक लहर व एक बाजूपट्टा गाळून सगळी शक्ती उरलेल्या एका पट्ट्यात घालणारा, 100 वॅटचा कोणताही व्यावसायिक संच पुरतो. जुना घेतलेलाही चालतो, मात्र त्यात सेलकॉल हवा. विशिष्ट क्रमांकाच्या संचालाच घंटी वाजवून जागे करणारी ही सोय नसेल, तर दिवसभर खरखर ऐकत बसावे लागते. हौशी रेडिओचालकांचा स्वस्त संच मोहात पाडतो, पण प्रवासी जाळ्याच्या वारंवारतांवर तो कायद्याने चालत नाही. बोलताना संच वीस अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, म्हणून वायर जाड, थेट बॅटरीपासून आणि फ्यूजसह आणावी.

सॅटेलाइट फोन असताना या खटाटोपाची गरज काय, हा आक्षेप रास्त आहे आणि एकट्याच्या जिवावर बेतले असता फोनच अधिक भरवशाचा, हेही मान्य करावे. फोन मात्र एकाच माणसाला लागतो. रेडिओवर उच्चारलेले वाक्य दोन दिवसांच्या अंतरावरची दुसरी गाडीही ऐकते, आणि पुढच्या विहिरीला पाणी आहे की मेलेला उंट आहे, ही माहिती बहुधा तिच्याकडेच असते. एवढ्या जवळच्या गाडीशी बोलतानाच काठी सर्वांत जास्त अडते, हा विरोधाभास ध्यानात ठेवावा, कारण उभी काठी सरळ वर जवळजवळ काहीच फेकत नाही आणि शे-दोनशे किलोमीटरचा पट्टा मुका राहतो. त्यावर उपाय म्हणून मुक्कामी 5455 साठी सव्वीस मीटरची तार मधोमध केबलने जोडून एखाद्या खांबावर उंचावतात आणि दोन्ही टोके झुडपांना बांधतात; आडवी तार वरच्या दिशेला भरपूर फेकते आणि लहरी आसपासच पावसासारख्या उतरतात.

संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेला बोलायचे तर इंजिन बंद करावे, पण तेवढ्याने खरखर थांबत नाही. अल्टरनेटर आणि इंधनाचा पंप गप्प झाल्यावर एलईडी दिव्याचा आवाज ऐकू येतो, तो विझवला की चार्जरचा, आणि शेवटी उरतो तो मागच्या पेटीतल्या फ्रिजचा, ज्यात दिवसभराच्या वाळूनंतर थंड केलेल्या बाटल्या असतात; तोही अर्धा तास बंद ठेवावा लागतो.